'इन्क्रीस' नीट कसा वापरायचा

आपण सर्रास 'इन्क्रीज' म्हणतो, पण शेवटी 'स' आहे. अर्थ वाढ, वाढणे किंवा वाढवणे. नाम असेल तर जोर 'इन'वर द्या, क्रियापद असेल तर 'क्रीस'वर.

खरी गफलत होते ती पुढच्या छोट्या शब्दात. 40 चे 50 झाले, तर 'इन्क्रीस्ड बाय 10' किंवा 'इन्क्रीस्ड टू 50'. 'बाय' फरक सांगतो, 'टू' शेवटचा आकडा. इथे चुकून 'बाय 50' लिहिलंत, तर वाचणारा 90 धरेल. टक्क्यांत ही वाढ 25, कारण 10 ला मूळच्या 40 ने भागायचं, 50 ने नाही.

वाढ कशात हे 'इन'ने सांगा: 'ॲन इन्क्रीस इन वेट'. मराठीतल्या 'ची'मुळे तोंडात 'ऑफ' येतो. तो आकड्यासाठी राखून ठेवा: 'ॲन इन्क्रीस ऑफ 10'. 'इन्क्रीस अप' तर नकोच.

मूल किंवा रोप 'ग्रो' होतं. 'इन्क्रीस' होते ती त्याची उंची. 'राइझ' म्हणजे आपोआप वाढणं. 'रेझ' हे क्रियापद वापरलंत की काय वाढवलं तेही सांगावं लागतं.

उलट शब्द 'डिक्रीस'. मूळ लॅटिन 'क्रेस्केरे', म्हणजे वाढणे; चंद्रकोरीचा 'क्रेसेंट'ही त्याच घरातला.