ऑरोरा अभ्यासायचा असेल तर केमिस्ट्री सोडू नका

ऑरोराच्या, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या, अभ्यासाकडे येणारे बहुतेक विद्यार्थी आकाशातल्या हिरव्या-लाल झोताच्या ओढीने येतात. मीही तशीच आले, रमले मात्र नायट्रिक ऑक्साइडमध्ये.

हिरवा प्रकाश, 557.7 नॅनोमीटरचा, उत्तेजित ऑक्सिजन अणूचा. त्या अवस्थेचं आयुष्य एक सेकंदही नाही. पण अवकाशातून येणाऱ्या ज्या इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने तो उजळतो, तेच नायट्रोजनचे रेणूही फोडतात. सुटलेला उत्तेजित नायट्रोजन अणू ऑक्सिजनच्या रेणूला भिडतो आणि साधारण 110 किलोमीटर उंचीवर नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. तो किती टिकणार हे ऊन ठरवतं. सूर्यप्रकाशात तो लवकर तुटतो. ध्रुवीय रात्रीत मात्र आठवडेच्या आठवडे तग धरतो, ध्रुवीय भोवऱ्यातल्या (हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणाऱ्या जोरदार वाऱ्यांच्या आतल्या) हवेबरोबर खाली उतरतो आणि स्थितांबरातला ओझोन खातो. खाऊन पुन्हा मूळ रूपात येतो, म्हणून एकच रेणू कितीतरी ओझोन संपवतो!

2004 च्या वसंतात उत्तर ध्रुवाकडे 40 किलोमीटरच्या आसपास ओझोन काही ठिकाणी 60 टक्क्यांहून अधिक घटला होता. असा मारा वाढवणारी ऑक्टोबर-नोव्हेंबर 2003 ची प्रचंड सौर वादळं ताजी होती, त्यामुळे बोट लगेच त्यांच्याकडे गेलं. पण त्या हिवाळ्यात वरच्या थरातला भोवराही विलक्षण बळकट होता. वादळाचा वाटा किती आणि हवामानाचा किती, हे वेगळं काढणं फार अवघड. माझ्या मते या विषयाची खरी गंमत इथेच आहे. म्हणून फिजिक्सच्या एमएस्सीनंतर येणाऱ्यांनी अभिक्रियांचे वेग आणि हवामानशास्त्र, दोन्हींची तयारी करावी. बारावीनंतर केमिस्ट्री सुटली असेल तर ती पुन्हा उघडा.

सुरुवातीला एक काम नक्की करा. नासाच्या ‘टाइम्ड’ उपग्रहावरच्या ‘सेबर’ उपकरणाचा डेटा फुकट मिळतो. नायट्रिक ऑक्साइड 5.3 मायक्रॉनवर जी उष्णता अवकाशात फेकतो, ती त्यात मोजलेली असते. 10-11 मे 2024 च्या सौर वादळाच्या आधीचे आणि नंतरचे दिवस घ्या, पायथॉनमध्ये उंची आणि अक्षांशानुसार आलेख काढा. वादळाने तापलेलं वातावरण हाच रेणू थंड करतो, ते डोळ्यांनी दिसेल.

पीएचडीसाठी नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था जरूर बघा. मुलाखतीला जाताना तो आलेख सोबत न्या.