वही किमान तापमानाची

निफाडला डिसेंबरात बोलायला दोनच विषय, द्राक्षं आणि थंडी. पारा उतरला की बागांत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सुरू होतं आणि कुणीतरी मला हटकतंच, "कुठंय मॅडम तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?" मी शाळेत विज्ञान शिकवते. वाद घालत बसत नाही, रोजच्या तापमान-पावसाची वही ठेवायला सांगते.

कमाल-किमान तापमापक शास्त्रीय उपकरणांच्या दुकानात मिळतो. तो भिंतीला किंवा पत्र्याच्या शेडला टांगू नका, नाहीतर पत्राच किती तापला ते कळेल. सावली हवी, वारा खेळता हवा, उंची जमिनीपासून साधारण सव्वा मीटर. पावसासाठी सरळ बाजूंचा डबा पुरतो. तोंड लहान-मोठं असलं तरी चालतं, कारण मोजायची ती पाण्याची उंची. झाड किंवा घर जेवढं उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर डबा ठेवा. १ मिमी पाऊस म्हणजे एकरावर सुमारे ४ हजार लिटर पाणी. हे सांगितलं की शेतकऱ्यांची पोरं पट्टी नीट धरतात.

नोंद रोज सकाळी साडेआठला करा, हवामान खात्याचा दिवसही तेव्हाच बदलतो. रकाने चार: कमाल, किमान, पाऊस आणि रात्री झोपताना आभाळ कसं होतं. चौथा रकाना बहुतेकजण गाळतात, आणि खरी गंमत त्यातच आहे.

हिवाळाभर नोंदी झाल्या की निरभ्र रात्री आणि ढगाळ रात्री वेगळ्या काढा. ढगाळ रात्रींचं किमान सहसा वर राहिलेलं दिसेल. जमीन दिवसभर तापते आणि ती उष्णता रात्री अवरक्त किरणांच्या रूपात वर सोडते. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन ती जवळपास अडवतच नाहीत. ढग, बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन मात्र ती शोषतात आणि काही भाग पुन्हा खाली पाठवतात. असे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास न राहता उणे १८ पर्यंत उतरलं असतं. (हे समजावताना पॉलीहाऊसचं, म्हणजे प्लास्टिकनं झाकलेल्या शेडचं, उदाहरण सगळे देतात, पण ते अर्धवट आहे. तिथं मुख्यतः गरम हवा कोंडली जाते.)

मग वॉर्मिंग तुमच्या वहीत दिसेल का? एका वर्षात नाही. ढग आज असतात, उद्या नसतात, म्हणून त्यांचा फरक लगेच कळतो. कार्बन डायऑक्साइड रोज रात्री सगळीकडे असतोच. औद्योगिक क्रांतीआधी तो हवेच्या दर दहा लाख भागांत २८० च्या आसपास होता, आता ४२० च्या वर गेलाय. ही वाढ हळूहळू पारा वर ढकलते, पण एखाद्या वर्षाची कडाक्याची थंडी तिला सहज झाकून टाकते. त्यामुळे एका हिवाळ्याला फक्त त्या वर्षाचं हवामान म्हणा. हवामानबदल पाहायचा तर ३० वर्षांची सरासरी लागते. भारतीय हवामान खातं १८७५ पासून आहे. तुमच्या जवळच्या केंद्राची १९९१ ते २०२० ची सरासरी मिळवा आणि आपली वही तिच्याशेजारी ठेवून वाचा.

गावाला गेलात तर त्या दिवसाचे रकाने कोरेच ठेवा, अंदाजानं आकडा भरू नका. डब्यात दोन दिवसांचं पाणी साठलं असेल तर 'दोन दिवसांचा' असं लिहून एकदाच मांडा.