भाऊंच्या रिपोर्टमधलं ए२, एफ३

भाऊंचा, म्हणजे माझ्या वडलांचा, यकृताच्या बायोप्सीचा रिपोर्ट मी परभणीच्या बसस्थानकावर तीनदा वाचला. हिपॅटायटिस सी (यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूचा आजार) आहे हे माहीत होतं, पण ‘ए२, एफ३’ काही उमगेना.

‘ए’ म्हणजे सूज, ० ते ३. ‘एफ’ म्हणजे त्या सुजेनं मागं ठेवलेले व्रण, ० ते ४. आधी ‘एफ’ बघा. एफ० म्हणजे व्रण नाहीत, एफ३ म्हणजे भरपूर आणि एकमेकांना जोडलेले, एफ४ म्हणजे सिरॉसिस, व्रणांनी यकृत कडक होणं. बायोप्सीच्या सुईत यकृताचा इवलासाच तुकडा येतो, त्यामुळे खरं नुकसान जास्तही असू शकतं. आता बऱ्याचदा सुई न टोचता यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनवरच भागतं.

भाऊ म्हणाले, “सोयाबीन निघू दे, मग बघू.” मी ऐकलं नाही. पूर्वी यावर इंटरफेरॉन या औषधाची इंजेक्शनं द्यायचे; त्यांचा त्रास फार, म्हणून कमी व्रण असलेल्यांना उपचारासाठी थांबायला सांगायचे. आताच्या गोळ्या बहुतेकांना १२ आठवडेच लागतात, सिरॉसिस असेल तर काहींना २४. एफ० असला तरी थांबू नका. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात त्या मोफत आहेत.

त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी करून घ्याच. तो विषाणू अंगात असेल तर या उपचारात उफाळू शकतो. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए तपासणी, म्हणजे रक्तात विषाणू उरलाय का ते बघणं. त्यात विषाणू नाही दिसला की बरे झालात. अँटिबॉडी चाचणी (शरीरानं विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं शोधणारी) मात्र पुढंही पॉझिटिव्ह येते, घाबरू नका. सिरॉसिसवाल्यांनी बरं झाल्यावरही दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करायची, कर्करोगाची भीती उरते. भाऊंनाही डॉक्टरांनी तेच सांगितलंय. पुढची तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवलीय.