आउटबोर्ड इंजिन पाणी मारत नाही? इंपेलर असा बदला

आउटबोर्ड इंजिन सुरू झाले की मागून पाण्याची एक धार उडू लागते. ती नेहमीपेक्षा बारीक झाली, तुटक पडू लागली किंवा हाताला चटका देण्याइतकी गरम लागली, तर पहिला संशय इंपेलरवर घ्या. तळहातात मावणारा हा रबरी पंखा समुद्राचे पाणी ओढून इंजिनाच्या डोक्यापर्यंत चढवतो. इंजिनाच्या मानाने त्याची किंमत फारच किरकोळ. पण तो गेला की थंडावा बंद, आणि चालत्या इंजिनाचा पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. हे सहसा बोट किनाऱ्यापासून लांब असतानाच होते. म्हणून धार बंद पडण्याची वाट न पाहता इंपेलर ठरवून बदलावा, असे माझे ठाम मत आहे.

पंपाची रचना साधी आहे. स्टीलच्या एका गोल कपात हा इंपेलर मध्यभागी न बसता एका बाजूला सरकून बसतो. त्यामुळे फिरताना त्याची पाती एका बाजूला दुमडतात आणि दुसऱ्या बाजूला उघडतात. उघडताना पाणी आत ओढले जाते, दुमडताना पुढे ढकलले जाते. रबराला वंगण मिळते तेही याच पाण्याचे. म्हणूनच बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना ‘सुरू होतंय का बघू’ म्हणून इंजिन कोरडे फिरवणे फार महागात पडते. तेवढ्या काही सेकंदांत पात्यांच्या कडा जळतात.

कोकणात दुसरा शत्रू म्हणजे वाळू. देवबागला कर्ली खाडी समुद्राला मिळते तसल्या उथळ जागी इंजिन फिरले की बोट ढकलणारा मोठा पंखा, म्हणजे प्रोपेलर, तळ ढवळतो आणि ती वाळू पाण्याबरोबर पंपात जाते. पाती झिजतातच, पण कपाच्या भिंतीवर आणि खालच्या पत्र्यावरही चरे पडतात. खोल, स्वच्छ पाण्यात चालणाऱ्या इंजिनाचा इंपेलर दोन-तीन वर्षे टिकू शकतो. वाळूत आणि गाळात चालणाऱ्या इंजिनाला मात्र दर हंगामात नवा घालावा.

काम कधी काढायचे

कोकणात जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि पर्यटकांच्या बोटीही पावसाळ्यात वर ओढलेल्या असतात. हाच वेळ योग्य. मी हे काम दोन भागांत करायला सांगेन. खोलणे जूनमध्येच करा, कारण बोल्टभोवती साचलेले मीठ पावसाळाभर तसेच राहिले तर पुढे बोल्ट हलत नाहीत. कोणते भाग झिजलेत ते तेव्हाच कळते आणि सामान मागवायलाही वेळ मिळतो. नवा इंपेलर मात्र बोट पाण्यात जायच्या तोंडावर बसवा. दुमडलेली पाती दोन महिने एकाच जागी राहिली तर तशीच वाकून बसतात आणि नवा इंपेलर पहिल्याच दिवशी अर्धा जुना होतो.

सामान

एकटा इंपेलर घेऊ नका, पूर्ण वॉटर पंप किट घ्या. त्यात बहुतेक वेळा कप, खालचा पत्रा, गॅस्केट, ओ-रिंग आणि इंपेलरला शाफ्टवर अडकवणारी चावीही येते. दुकानात जाताना इंजिनाच्या ब्रॅकेटवरच्या पाटीचा मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर फोटो काढून न्या. ‘चाळीस हॉर्सपॉवर’ एवढ्यावर भागत नाही, एकाच ताकदीच्या वेगवेगळ्या मॉडेलांचे इंपेलर वेगळे असतात. गोटी पाने, दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर, रबरी हातोडी, गंज सोडवणारा स्प्रे, मरीन ग्रीस, बारीक पॉलिश पेपर, लिक्विड साबण आणि गिअर ऑइल जवळ ठेवा. काम वाळूवर करू नका. खाली ताडपत्री अंथरा, आणि सुटे भाग ठेवायला एक थाळी घ्या.

खालचा भाग उतरवणे

पंप इंजिनाच्या खालच्या भागावर, म्हणजे गिअर आणि प्रोपेलर असलेल्या भागावर बसलेला असतो, म्हणून आधी तो भाग उतरवायचा. इंजिन मजबूत स्टँडवर उभे लावा. इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी काढा, स्पार्क प्लगच्या टोप्या काढा, बॅटरी असेल तर निगेटिव्ह वायर सोडा. पुढे हाताने फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचे जड चाक, फिरवायचे आहे, त्यामुळे हे टाळू नका.

प्रोपेलरच्या वर एक छोटा धातूचा पंखासारखा तुकडा, म्हणजे ट्रिम टॅब असतो. बऱ्याच इंजिनांत एक बोल्ट त्याच्याखाली लपलेला असतो, तो न काढता ओढाताण केली तर केसिंग तुटते. टॅब काढण्याआधी तो कोणत्या कोनात आहे ते मार्करने आखून ठेवा. कोन बदलला तर बोट चालवताना एका बाजूला ओढ घेईल.

आता गिअरचा रॉड. काही इंजिनांत तो बाहेरून नटाने जोडलेला असतो आणि आधी सोडवावा लागतो, काहींत तो खालच्या भागाबरोबर आपोआप सुटतो. लिव्हर कोणत्या गिअरमध्ये ठेवायचा हेही मॉडेलप्रमाणे बदलते. ते मॅन्युअलमध्ये बघूनच पुढे जा, आणि नट सोडण्यापूर्वी त्यावर किती आटे बाहेर दिसतात त्याचा फोटो घ्या.

बाजूचे बोल्ट सुटत नसतील तर जोर लावू नका. ॲल्युमिनियममध्ये अडकलेला स्टीलचा बोल्ट तुटला की ड्रिल आणि नवे आटे, म्हणजे एका दिवसाचे काम आठवड्यावर जाते. स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी बोल्टच्या डोक्यावर हलके ठोका, थोडे घट्ट करा, मग सोडवा. बोल्ट निघाल्यावर दुसऱ्या माणसाला खालचा भाग धरायला सांगा, वजन बरेच असते. चिकटलेला असेल तर रबरी हातोडीने दोन्ही बाजूंनी टोले द्या. फटीत छिन्नी घालू नका. भाग सरळ खाली उतरवा. इंजिनाची फिरक खाली आणणारा लांब शाफ्ट त्याच्याबरोबरच येईल.

पंप उघडणे

खालचा भाग उभा पकडा, बेंच वाईसमध्ये धरत असाल तर दोन्ही बाजूंना लाकूड लावा. शाफ्टभोवती पंपाचे झाकण सहसा चार बोल्टांनी बसवलेले असते. बोल्ट काढून झाकण शाफ्टवरून वर सरकवा. इंपेलर शाफ्टवरच राहिला तर दोन स्क्रू ड्रायव्हर समोरासमोर लावून सारखा जोर देत वर काढा. तो निघताना शाफ्टच्या खाचेतली अर्धचंद्राकृती चावी पडते. ती शाफ्टला आणि इंपेलरला एकत्र फिरवते, ती नसेल तर शाफ्ट फिरेल आणि इंपेलर जागीच राहील.

आता पाती मोजा. सगळी शाबूत असतील तर कडा बघा: चकचकीत, कडक झालेल्या, मुळाशी चिरा गेलेल्या असतील तर इंपेलर संपला. एखादे पाते तुटून गेले असेल तर इथेच थांबा, कारण तो रबराचा तुकडा कुठेतरी वर अडकला आहे. नवा इंपेलर घालूनही इंजिन तापत राहते ते बहुधा यामुळे, आणि मग दोष नव्या इंपेलरला दिला जातो. पंपातून इंजिनाकडे पाणी नेणारी उभी नळी तपासा, थर्मोस्टॅट असेल तर त्याचे झाकण उघडून बघा, वरून गोडे पाणी सोडून मार्ग धुवून काढा. निघालेले तुकडे जुन्या इंपेलरशेजारी मांडा आणि पाते पूर्ण झाले का ते जुळवून बघा.

कपाच्या आतून आणि पत्र्यावरून नख फिरवा. नख अडकत असेल तर ते भाग बदला. चरे पडलेल्या कपात नवे रबर पाणी धरत नाही, लवकर झिजते. जुने गॅस्केट खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडा जाऊ देऊ नका.

याच वेळी गिअर ऑइल बदला. खालचा स्क्रू आधी आणि मग वरचा काढला की तेल वाहू लागते. ते दुधाळ दिसले तर सील गेले आहे आणि आत पाणी शिरते आहे. मग मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढचा हंगाम काढू नका. नवे तेल खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून येऊ लागले की आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. दोन्हींचे वायसर नवे घाला.

जोडणी

गॅस्केट, पत्रा, गॅस्केट असा क्रम आपल्या किटप्रमाणे लावा, पत्र्याची भोके गॅस्केटशी जुळली का बघा. चावी खाचेत ग्रीसच्या ठिपक्याने चिकटवा आणि इंपेलर त्यावर सरकवा. पात्यांना आणि कपाला लिक्विड साबण लावा. झाकण खाली दाबताना शाफ्ट वरून बघितल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हळूहळू फिरवा, म्हणजे पाती योग्य बाजूला दुमडून आत जातात. उलटे फिरवू नका. बोल्टच्या आट्यांना मरीन ग्रीस लावून ते समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा.

खालचा भाग परत चढवताना शाफ्टच्या टोकावरच्या खाचांच्या बाजूंना ग्रीस लावा, डोक्यावर नको, तिथला थर शाफ्टला पूर्ण बसू देत नाही. आता तीन गोष्टी एकाच वेळी जुळायला हव्यात: शाफ्ट, गिअरचा रॉड आणि पाण्याची उभी नळी. नळी पंपाच्या रबरी बोळात शिरली आहे हे टॉर्चने बघा. ती बाजूला राहिली तर बाकी सगळे अचूक बसूनही इंजिनाला पाणी मिळत नाही आणि पुन्हा सगळे उतरवावे लागते. शेवटचे एक-दोन सेंटीमीटर अंतर राहिले तर बोल्ट आवळून ते ओढून घेऊ नका. एकाने भाग वर दाबून धरायचा, दुसऱ्याने फ्लायव्हील किंचित घड्याळाच्या दिशेने फिरवायचे. खाचा जुळल्या की तो स्वतःहून वर सरकतो. बोल्ट आवळा, गिअरचा रॉड फोटोप्रमाणे जोडा, ट्रिम टॅब आखलेल्या खुणेवर लावा. इंजिन बंद असतानाच तिन्ही गिअर तपासा: न्यूट्रलला प्रोपेलर मोकळा फिरला पाहिजे.

चाचणी

प्रोपेलर काढून ठेवा आणि इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात उतरवा. पाणी पंपाच्या वरपर्यंत हवे. पाणी घेणाऱ्या भोकांवर लावायच्या होजपाइपच्या कानपट्ट्यांपेक्षा मला पिंप विश्वासाचे वाटते, कारण नळाचा दाब पंपाची उणीव झाकू शकतो. काढलेल्या टोप्या, वायर आणि किल स्विचची दोरी परत लावून न्यूट्रलमध्ये मंद गतीवर सुरू करा. अर्ध्या मिनिटात धार आली नाही तर इंजिन बंद करा.

पंप पुन्हा खोलण्याआधी धारेचे भोक बघा. पावसाळ्यात उभ्या इंजिनात कुंभारीण माशी नेमक्या तिथेच मातीचे घर करते. जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) आत सरकवून फिरवा, माती निघाली की पुन्हा सुरू करा. तरीही पाणी येत नसेल तर बहुधा ती उभी नळी बोळात बसलेली नाही. धार आली तर काही मिनिटे चालू ठेवा, हात लावून बघा: पाणी कोमट असावे. बंद केल्यावर प्रोपेलर परत बसवा, त्याच्या शाफ्टला ग्रीस द्या, आणि पहिली फेरी किनाऱ्याजवळच मारा. परत आल्यावर सगळे बाहेरचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून बघा.