कापलं तर: जखम वाळवू नका, ओलसर ठेवा

स्वच्छ कापड जखमेवर सलग १० मिनिटं दाबून धरा. मध्येच उचलून पाहिलंत की नुकतीच धरलेली गुठळी सुटते. मग वाहत्या पाण्याखाली धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, त्यानं नव्या पेशीही मरतात. व्हॅसलीनचा पातळ थर, वर पट्टी, रोज बदलायची. उघडी ठेवून वाळवण्याचा सल्ला जुनाच, पण चुकीचा: कडेच्या त्वचापेशी ओलाव्यावरून सरकत येतात, खपली असली की तिच्याखालून वाट काढावी लागते.

पहिले २-३ दिवस कडा लालसर, सुजलेल्या असणारच. रक्तातल्या पांढऱ्या पेशींची साफसफाई चालू असते. लाली पसरली, पू किंवा ताप आला तर डॉक्टर गाठा. जखमेच्या तळाशी दिसणारं लाल, दाणेदार मांस म्हणजे नव्या केशवाहिन्या, अगदी बारीक रक्तवाहिन्या. ते खरवडू नका.