रोजच्या गल्ल्याची तुलना करताना या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये मोठे चित्रपट लागले की माझ्या ओळखीच्या मंडळींत दरवर्षी एकच वाद पेटतो: अमक्याने पहिल्या दिवशी किती केले, तमक्याने किती केले होते आणि कोणी कोणाला मागे टाकले. तरुणपणी मी नाशिकच्या एका एकपडदा चित्रपटगृहात तिकीटखिडकीवर चार वर्षे काढली. प्रत्येक खेळानंतर डीसीआर, म्हणजे त्या दिवसाच्या विक्रीचा तक्ता, भरणे हे माझे काम होते. वर्गवारीप्रमाणे पुस्तकातल्या पहिल्या तिकिटाचा क्रमांक, शेवटच्या तिकिटाचा क्रमांक, विकलेली तिकिटे, दर, एकूण रक्कम, कर आणि उरलेली निव्वळ रक्कम असे रकाने त्यात असत, आणि एका क्रमांकाचा फरक पडला तरी व्यवस्थापक घरी सोडत नसत. नोकरी सुटली, पण आकडे वहीत उतरवण्याची खोड सुटली नाही. त्यामुळे लोक आपली तुलना तपासायला माझ्याकडे येतात आणि बहुतेक वेळा त्याच त्या चुका घेऊन येतात.

आठ दिवसांचा आठवडा

माझ्या भाच्याचा किस्सा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. २०२२च्या एप्रिलमध्ये ‘केजीएफ चॅप्टर २’ लागला आणि त्याच्या हिंदी आवृत्तीने पहिल्या आठवड्यात ‘अॅव्हेंजर्स: एंडगेम’ला मागे टाकले की नाही, यावर त्याची मित्रांशी पैज लागली. भाच्याने दोन आकडे शोधून काढले: केजीएफ हिंदीचा पहिला आठवडा निव्वळ २६८.६३ कोटी रुपये आणि २०१९च्या ‘एंडगेम’चा भारतातला पहिला आठवडा निव्वळ २६०.४० कोटी रुपये. पैज जिंकली, हरलेल्यांच्या पैशांनी सहा जणांनी तिकीट, समोसे आणि थंडपेय असा बेत उरकला, आणि दुसऱ्या दिवशी स्वारी विजयाचा कागद घेऊन माझ्याकडे हजर झाली.

मी वही काढली. ‘एंडगेम’ २६ एप्रिल २०१९ रोजी शुक्रवारी लागला, म्हणून त्याचा पहिला आठवडा शुक्रवार ते गुरुवार असा सरळ सात दिवसांचा होता. केजीएफ मात्र १४ एप्रिलला गुरुवारी लागला. चित्रपट व्यवसायात आठवडा गुरुवारी संपतो, त्यामुळे मधल्या दिवशी लागलेल्या चित्रपटाचा ‘पहिला आठवडा’ पुढच्या गुरुवारपर्यंत लांबतो आणि तो आठ दिवसांचा भरतो. गुरुवारी ५३.९५, शुक्रवारी ४६.७९, शनिवारी ४२.९०, रविवारी ५०.३५, मग सोमवारपासून २५.५७, १९.१४, १६.३५ आणि आठव्या दिवशी १३.५८ कोटी. शेवटचा दिवस वगळला की सात दिवसांचे २५५.०५ कोटी उरतात, म्हणजे ‘एंडगेम’पेक्षा पाच कोटींहून अधिक कमी.

“मामा, पण आठवडा गुरुवारपर्यंतच मोजतात ना?” भाच्याने विचारले. प्रश्न चुकीचा नव्हता. वितरक तसेच मोजतात, कारण त्यांना चित्रपटगृहाशी हिशेब आठवड्यावार करायचा असतो. परंतु दोन चित्रपटांची शर्यत लावताना वितरकाचा आठवडा कामाचा नाही. तिथे दिवसाला दिवस लावावा लागतो. त्याने मान खाली घालून समोशांचे पैसे परत करायची तयारी दाखवली, तेव्हा मला त्याला आणखी एक गोष्ट सांगावी लागली. ‘एंडगेम’चा आकडा इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा सगळ्या आवृत्त्यांचा मिळून होता आणि केजीएफचा फक्त हिंदीचा. केजीएफच्या सर्व भाषा धरल्या तर पहिल्या एकाच दिवसाचा निव्वळ गल्ला शंभर कोटींच्या पुढे जातो आणि निकाल पुन्हा उलटतो. पैज कोणी जिंकली, याचा निवाडा मी अजून दिलेला नाही. समोसे मात्र पचले.

तेव्हापासून माझ्या वहीत तारखेशेजारी वार आणि वाराशेजारी चित्रपटाचा कितवा दिवस, असे दोन्ही रकाने असतात. रविवारची रविवारशी आणि चौथ्या दिवसाची चौथ्या दिवसाशी अशा दोन्ही तुलना मी करून पाहतो, आणि त्यांतून वेगवेगळे उत्तर आले की घाईने काही बोलत नाही.

सुट्टीचा रकाना

वाराइतकीच सुट्टी महत्त्वाची असते, आणि ती तर कोणीच लिहून ठेवत नाही. केजीएफ लागला त्या १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंती होती, त्या वर्षी महावीर जयंतीही त्याच दिवशी आली होती आणि दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे होता. अशा गुरुवारची ‘एंडगेम’च्या साध्या शुक्रवारशी तुलना करून ‘विक्रम मोडला’ असे लिहिणाऱ्यांनी दिनदर्शिका उघडलेली नसते. उलट ‘एंडगेम’च्या सोमवारी ३१.०५ कोटी आले, तेव्हा ‘सोमवार असूनही काय पकड आहे’ (पकड म्हणजे पुढच्या दिवसांत गल्ला टिकून राहणे) असे कौतुक झाले. तो सोमवार २९ एप्रिलचा होता. त्या दिवशी नाशिक, मुंबई, ठाणे अशा राज्यातल्या सतरा मतदारसंघांत लोकसभेचे मतदान होते आणि मतदानाची सुट्टी होती. सकाळी मतदान करून मी दुपारी बाहेर पडलो, तेव्हा बोटाला शाई लावलेली तरुण मंडळी तिकिटांच्या रांगेत उभी होती. मंगळवारी २६.१० कोटी आले आणि बुधवारी ते २८.५० कोटींवर चढले. मधल्या वारी गल्ला वाढलेला पाहून काहींनी तोंडी प्रसिद्धीचे गोडवे गायले. पण तो १ मे, महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन होता. गुरुवारी आकडा १६.१० कोटींवर आला, तोच त्या आठवड्यातला खरा साधा दिवस.

शाळांच्या परीक्षा चालू असतानाचा एप्रिल आणि मुले घरी असलेला मे, हे दोन वेगळे हंगाम समजावेत. अमेरिकेतही तसेच आहे. एप्रिलच्या शेवटी तिथल्या शाळा भरलेल्या असतात, तर जुलैमध्ये बंद असतात. म्हणून ‘एंडगेम’चा तिथला पहिला सोमवार आदल्या रविवारच्या सुमारे चाळीस टक्के भरला आणि जुलै २०२३मध्ये लागलेल्या ‘बार्बी’चा जवळपास साठ टक्के. यात चित्रपटाचे गुण किती आणि शाळेच्या सुट्टीचे किती, हे वेगळे काढल्याशिवाय पकडीची तुलना करू नये.

कर कापण्याची घाई

ग्रॉस म्हणजे तिकिटावर प्रेक्षकाने मोजलेली सगळी रक्कम, नेट म्हणजे त्यातून कर वजा जाता उरलेली निव्वळ रक्कम. एका चित्रपटाचा ग्रॉस आणि दुसऱ्याचा नेट शेजारी मांडणे ही इतकी जुनी चूक आहे की तिच्यावर लिहायचाही कंटाळा येतो. निर्माते जाहिरातीत मोठा दिसणारा ग्रॉस छापतात आणि हिंदीच्या व्यवसायात परंपरेने नेट सांगतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

त्याहून बारीक चूक अशी की ग्रॉसमधून नेट काढताना लोक अठरा टक्के सरळ वजा करतात. शंभर रुपयांवरच्या तिकिटावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर असतो हे बरोबर. पण तो मूळ दरावर असतो, कर धरून झालेल्या किमतीवर नाही. दोनशे रुपयांच्या तिकिटाला १.१८ने भागले की १६९ रुपये ४९ पैसे येतात. दोनशेतून अठरा टक्के वजा केले तर १६४ येतात. शंभर कोटींच्या ग्रॉसवर हा फरक पावणेतीन कोटींचा होतो. खिडकीवर असतो तर हा फरक माझ्या पगारातून कापला गेला असता.

दर बदलला की दोन उन्हाळ्यांची नेटमधली तुलनाही लंगडी पडते. जुलै २०१७पासून शंभर रुपयांवरच्या तिकिटाला अठ्ठावीस टक्के कर होता, तो १ जानेवारी २०१९पासून अठरा टक्के झाला. २७ एप्रिल २०१८च्या शुक्रवारी ‘अॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ने भारतात ४०.१३ कोटी ग्रॉस आणि ३१.३० कोटी नेट मिळवले. बरोबर बावन्न आठवड्यांनी, शुक्रवारीच, ‘एंडगेम’चे ६३.२१ कोटी ग्रॉस आणि ५३.१० कोटी नेट जाहीर झाले. नेट पाहिला तर वाढ जवळपास सत्तर टक्के, ग्रॉस पाहिला तर साडेसत्तावन्न टक्के. मधले बारा टक्के प्रेक्षकांनी आणलेले नव्हते, ते करकपातीने आले होते. अशा दोन वर्षांची तुलना मी ग्रॉसमध्येच करतो. २२ सप्टेंबर २०२५पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाचा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, तेव्हा स्वस्त तिकिटांच्या एकपडदा चित्रपटगृहांचे जुने-नवे आकडे लावतानाही हेच पथ्य पाळावे लागेल.

मराठी चित्रपटांपुरता आणखी एक पेच आहे. वस्तू व सेवा कर येण्यापूर्वी महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ होता आणि हिंदी चित्रपटांना तो पंचेचाळीस टक्के होता. २९ एप्रिल २०१६ला लागलेल्या ‘सैराट’चा राज्यातला ग्रॉस आणि नेट म्हणूनच जवळपास एक होते, त्याच उन्हाळ्यातल्या हिंदी चित्रपटांच्या बाबतीत ते तसे नव्हते, आणि २०१७नंतरच्या मराठी चित्रपटांच्या बाबतीतही तसे राहिलेले नाही.

नेट म्हणजे निर्मात्याच्या हाती पडलेली रक्कम, असे मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. चित्रपटगृहाचा वाटा काय असतो हे त्यांनी एखाद्या व्यवस्थापकाला विचारावे.

शुक्रवारच्या पोटात लपलेला गुरुवार

अमेरिकेत मोठ्या चित्रपटाचे खेळ गुरुवारी संध्याकाळीच सुरू होतात आणि ती रक्कम शुक्रवारच्या आकड्यात मिळवतात. ‘एंडगेम’च्या तिथल्या पहिल्या दिवसाच्या १५ कोटी ७४ लाख डॉलरमध्ये ६ कोटी डॉलर गुरुवारचे होते. शनिवारी १० कोटी ९३ लाख डॉलर आले, तेव्हा ‘दुसऱ्याच दिवशी तीस टक्के घसरण’ अशी हाकाटी झाली. गुरुवार वेगळा काढला तर खुद्द शुक्रवार ९ कोटी ७४ लाखांचा उरतो, आणि शनिवारी प्रत्यक्षात बारा टक्के वाढ दिसते. आपल्याकडेही आदल्या रात्रीचे पेड प्रीव्ह्यू, म्हणजे तिकीट लावून आधीच दाखवलेले खेळ, कधी पहिल्या दिवसात मिळवतात, कधी वेगळे दाखवतात, तेव्हा आकडा लिहिण्यापूर्वी तेवढी चौकशी करावी.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिथे मेमोरियल डेची सुट्टी असते. ‘टॉप गन: मॅव्हरिक’ने २०२२मध्ये तीन दिवसांत १२ कोटी ६७ लाख आणि सोमवार धरून चार दिवसांत १६ कोटी ५ लाख डॉलर केले, दोन्ही आकडे ‘पहिला वीकेंड’ याच नावाने फिरत असतात. आणि अमेरिकी याद्यांत ‘देशांतर्गत’ म्हटले की त्यात कॅनडाही येतो.

कच्चा आकडा

रविवारची रात्र सरायच्या आत वीकेंडचा आकडा हवा असणाऱ्या उतावळ्यांना मी काय सांगावे? सुरुवातीला जाहीर होतो तो अंदाज, सगळ्या केंद्रांचे हिशेब जमले की त्यात बदल होतो. वर दिलेला ‘एंडगेम’चा भारतातला शुक्रवार आधी ५३.१० कोटी होता आणि वीकेंडच्या हिशेबात तो ५३.६० कोटी झाला. मी अंदाज पेन्सिलीने लिहितो आणि पक्का आकडा आला की खोडून शाईने लिहितो. भाच्याला हे हास्यास्पद वाटते, कारण तो सगळे मोबाइलमधल्या तक्त्यात ठेवतो. परंतु त्याच्या तक्त्यातला अंदाज कोणता आणि पक्का आकडा कोणता, हे त्यालाही सांगता येत नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंका दहन’चा गल्ला १९१७मध्ये पोलीस बंदोबस्तात बैलगाडीतून न्यावा लागला, असे सांगतात, निदान तेव्हा नाणी मोजून झाल्याशिवाय कोणी आकडा बोलत नसावे.

‘मुंबई’ म्हणजे मुंबई शहर नव्हे. वितरणाच्या मुंबई सर्किटमध्ये, म्हणजे वितरकांनी आखलेल्या विभागात, नाशिक येते आणि गुजरातही येतो, तर नागपूर सीपी बेरार (मध्य प्रांत व वऱ्हाड) या वेगळ्या सर्किटमध्ये मोडते. त्यामुळे सर्किटच्या आकड्यावरून महाराष्ट्राचा कौल सांगू नये.

तिकिटाचे दर वाढलेले असताना वीस वर्षांपूर्वीच्या कोटींशी आजचे कोटी लावणाऱ्यांनी विकलेल्या तिकिटांची संख्या शोधावी, आणि ती मिळत नसेल तर गप्प बसावे.

राहिला प्रश्न मोबाइलवर खुर्च्यांचे नकाशे पाहून गल्ला काढणाऱ्यांचा. गेल्या उन्हाळ्यात भाच्याने कॉलेज रोडजवळच्या एका मल्टिप्लेक्सचे सगळे खेळ असे मोजले आणि सकाळच्या नऊच्या खेळालाही पुढच्या दोन रांगा भरल्याचे मला कळवले. मी त्या खेळाला गेलो होतो. पुढच्या दोन्ही रांगांना दोरी बांधलेली होती, आणि दोरीवर डोअरकीपरने आपला रुमाल वाळत घातला होता.