चक्का, दूध पावडर आणि थोडंसं क्रीम : घरून डेझर्ट विकायला निघालेल्यांसाठी

कोथरूडमध्ये घरून कपातली डेझर्ट करून देते म्हटलं की या धंद्यात नव्याने उतरणाऱ्या मुली पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात, "ताई, तुम्ही व्हिप क्रीम कुठलं वापरता? खाल्ल्यावर जड वाटत नाही." पाकीट असं काही नाहीच. माझ्या बहुतेक कपांत क्रीम थोडंसं असतं, बाकी सगळा चक्का. कसं करायचं ते सविस्तर सांगते. एक मात्र आधीच ऐकून ठेवा, हे मिश्रण ग्लासातल्या, कपातल्या आणि वाटीतल्या गोडासाठी आहे. दोन मजली केकवर गुलाबाची फुलं काढायची असतील तर हा रस्ता तुमचा नाही. स्पंज पाणी ओढून घेईल, फुलं बसतील आणि ऑर्डर हातची जाईल.

क्रीम फेटल्यावर फुगतं कशामुळे, एवढं एकदा समजून घ्या, पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. थंड क्रीममध्ये स्निग्धांशाचे अगदी बारीक गोळे असतात. बीटर फिरला की हवेचे बुडबुडे आत शिरतात आणि थंडीने अर्धवट घट्ट झालेले हे गोळे एकमेकांना चिकटून बुडबुड्यांभोवती कडं करतात. त्यासाठी क्रीममध्ये निदान ३० टक्के स्निग्धांश लागतो, ३५ असला तर काम आणखी सोपं. किराणा दुकानात मिळणारं २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम म्हणूनच कितीही फेटलं तरी टोक धरत नाही. ते फ्रूट सॅलडला चांगलं, इथे त्याचा उपयोग नाही. आणि बेकिंगच्या दुकानात ज्याला सरसकट 'व्हिप क्रीम' म्हणतात ते पाकीट एकदा उलटून वाचा. बहुतेकदा ते व्हिप टॉपिंग असतं, म्हणजे हायड्रोजनेटेड (प्रक्रियेने घट्ट केलेलं) पाम कर्नल तेल, पाणी, साखर आणि फेस टिकवणारं स्टॅबिलायझर. मी त्याला नावं ठेवत नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये पायपिंग, म्हणजे कोनातून क्रीमची नक्षी, करणाऱ्याला त्याचाच आधार असतो. २०२२ पासून अशा तेलांतल्या, हृदयाला घातक ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली, त्यामुळे ती जुनी भीतीही बरीच कमी झाली. सॅच्युरेटेड फॅट मात्र आहे तिथेच आहे, आणि खाल्ल्यावर टाळूला जो तुपकट थर बसतो तो मला माझ्या कपात नको होता.

आता खरी गोम. स्निग्धांश कमी केला की हवा धरून ठेवायला कोणी उरत नाही आणि पाणी मोकाट सुटतं. हलकं क्रीम करायचं म्हणजे मुख्यतः या पाण्याचा बंदोबस्त करायचा. एक तर ते काढून टाकायचं, नाहीतर कशात तरी बांधून ठेवायचं. इंटरनेटवरच्या पाककृती फसतात त्या बहुतेक इथेच. साहित्य बरोबर असतं, पाण्याचा विचार कोणी केलेला नसतो.

दह्यातलं पाणी काढून टाकलं की उरतो तो चक्का, म्हणून आपली सुरुवात त्याच्यापासून. तो विकतही मिळतो. पुण्यात डेअरीवाल्यांकडे सुटा चक्का मिळणं काही नवलाचं नाही. पण प्रत्येक ठिकाणचा आंबटपणा आणि ओलावा वेगळा, आणि पाडवा-दसऱ्याच्या आधी तर लवकर गेल्याशिवाय हाती लागत नाही. सुरुवातीला घरीच बांधा, म्हणजे हाताला अंदाज येईल. एक लिटर टोण्ड दूध घ्या, ते ३ टक्के स्निग्धांशाचं असतं. उकळी आल्यावर लगेच गॅस बंद करू नका, मंद आचेवर पाच-सात मिनिटं ढवळत ठेवा. दुधातली प्रथिनं या उष्णतेने दह्याच्या जाळ्यात चांगली गुंफली जातात आणि दही घट्ट लागतं. कोमट झालं की विरजण लावा. दोन मोठे चमचे स्किम्ड दूध पावडर आधीच विरघळवून घेतली तर आणखी छान. मे महिन्यात चार-पाच तासांत दही लागतं, डिसेंबरात रात्रभर ठेवावं लागतं. लागल्यावर एक मिनिटही बाहेर राहू देऊ नका, थेट फ्रिजमध्ये. आंबटपणा इथेच ठरतो, नंतर साखर ओतून तो झाकता येत नाही.

बांधणंही फ्रिजमध्येच. नळाला किंवा खिडकीच्या गजाला पंचा टांगायची पद्धत श्रीखंडाला चालते, आपल्याला दूध-दह्याचा ताजा वास हवाय. पातेल्यावर चाळणी, चाळणीत धुऊन पिळलेला सुती पंचा, त्यात दही, वर पंचाची टोकं दुमडून एक ताटली आणि ताटलीवर पाण्याने भरलेला छोटा डबा. आठ-दहा तास. खाली जमलेली निवळी टाकू नका, तिच्यात थालीपिठाचं पीठ भिजवलं की थालीपीठ मऊ होतं. आमच्याकडे त्या दिवशी रात्रीचं जेवण ठरलेलंच असतं.

एक लिटरमधून साधारण ३०० ग्रॅम चक्का निघतो, घट्ट निथळला तर थोडा कमी. निथळला की नाही हे वजनावरून कळतंच, पण माझी खरी परीक्षा वेगळी आहे. स्टीलच्या कोरड्या ताटलीत चमचाभर चक्का ठेवायचा आणि वीस मिनिटं त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. मग ताटली जरा तिरकी करायची. चक्क्याच्या कडेला पाण्याची पारदर्शक रेघ सरकताना दिसली तर परत पंचात. कड कोरडी असेल आणि चक्का जागचा हलत नसेल तरच पुढे जा. ही रेघ ताटलीत दिसली की उद्या कपाच्या तळाशी दिसणारच, आणि गिऱ्हाईक ती पहिल्यांदा बघतं.

चक्का पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढा. इथे बीटर लावायचा मोह होतो. पहिल्यांदा मी बीटर उचलला तेव्हा सासूबाई ओट्याजवळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, श्रीखंडाचा मठ्ठा करायचाय का?" त्यांनी कारण सांगितलं नाही, पण कारण आहे. दह्यातल्या प्रथिनांचं जाळं बीटरच्या वेगाने तुटतं आणि धरून ठेवलेलं पाणी सोडतं. जाळीतून निघालेला चक्का रवाळ न राहता गुळगुळीत होतो आणि जाळंही फारसं मोडत नाही. साखरेचंही तेच. साखर पाणी ओढते आणि चक्का सैल पडतो, हे श्रीखंड करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून ३०० ग्रॅमला ४०-५० ग्रॅम पिठीसाखर बास, आणि तीही शेवटी. बाकी गोडी फळातून येऊ दे.

आता क्रीम. १०० मिलिलिटर डेअरी व्हिपिंग क्रीम, पाकिटावर ३० टक्के किंवा जास्त मिल्क फॅट लिहिलेलं. भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. उन्हाळ्यात भांडं बर्फाच्या परातीत ठेवूनच फेटा. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून हळूच वाकलं की थांबा. त्यापुढे गेलात तर लोणी निघेल, त्याचा साजूक तुपाला उपयोग होईल पण डेझर्टला नाही. आधी एक तृतीयांश क्रीम चक्क्यात बिनधास्त मिसळा, त्याने चक्का जरा सैल होतो. उरलेलं मात्र कट अँड फोल्ड, म्हणजे स्पॅच्युला मधोमध खाली नेऊन भांड्याच्या कडेने वर उचलायचा आणि भांडं थोडं फिरवायचं. पांढऱ्या रेघा दिसेनाशा झाल्या की हात आवरा. तासभर फ्रिजमध्ये ठेवून मग कपात भरा.

हिशेब सोपा आहे. ३०० ग्रॅम चक्क्यात दुधातला जवळजवळ सगळा, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश. १०० मिलिलिटर क्रीममध्ये आणखी ३०. साखर सोडून ४०० ग्रॅममध्ये ६०, म्हणजे १५ टक्के. नुसत्या फेटलेल्या क्रीमच्या निम्मं, आणि वर प्रथिनं. डबल टोण्ड दूध १.५ टक्क्यांचं असतं. ते वापरलं तर आकडा ११-१२ वर येतो, पण तोंडात जरा कोरडं लागतं. मला टोण्डच बरं वाटतं.

क्रीम अजिबात नको असेल तर दूध पावडरचा फेस हा दुसरा मार्ग. अर्धा कप बर्फासारखं गार पाणी आणि अर्धा कप स्किम्ड मिल्क पावडर तीन-चार मिनिटं फेटा, फेस जरा उभा राहायला लागला की एक मोठा चमचा लिंबाचा रस घाला आणि घट्ट होईपर्यंत फेटत राहा. इथे हवा धरतात ती प्रथिनं, स्निग्धांश जवळपास शून्य. फुगतं इतकं की बघणाऱ्याला खरं वाटत नाही, आणि बसतंही तितक्याच लवकर. डेअरी व्हाइटनर घेऊ नका, त्यात साखर असते. घरच्या पंगतीत वाढायच्या आधी करायचं असेल तर मजा आहे, विकण्याच्या मालात मी ते वापरत नाही.

पाणी बांधायचं असेल तर अगार, म्हणजे आपला चायना ग्रास. जिलेटिन प्राण्यांपासून येतं, त्यामुळे शाकाहारी गिऱ्हाईक असेल तिथे त्याचा विषयच नको, आणि पुण्यात असं गिऱ्हाईक भरपूर. अगार पावडर रविवार पेठेत बोहरी आळीत बेकिंगचं सामान घ्यायला गेलात की मिळेल. अर्धा छोटा चमचा पावडर १०० मिलिलिटर दुधात घालून दोन मिनिटं नीट उकळा. नुसतं गरम करून ती विरघळत नाही. ते कोमट झालं की चक्क्यात मिसळा, पण चक्का फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलेला हवा. अगार चाळीस अंशांच्या खाली उतरलं की जमायला लागतं, गार चक्क्यात घातलंत तर जागच्या जागी कण होतात आणि साबुदाण्यासारखे दाताखाली येतात. हे मी फक्त उन्हाळ्यात आणि लांबच्या ऑर्डरला करते.

फळांबद्दल थोडं. हापूस आणि हा चक्का यांचं जमतं हे सांगायला माझी गरज नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी साखर लागली की पाणी सोडते, म्हणून आधी साखर लावून गाळून घ्या आणि तो रस वेगळा द्या. कच्चा अननस आणि किवी मात्र दुधाच्या पदार्थात सरळ घालू नका. त्यातली एन्झाइम प्रथिनं तोडतात, काही तासांत सगळं पातळ आणि कडवट होतं. अननस पाच मिनिटं शिजवला की तो धोका संपतो. कॉफी आणि चॉकलेटला चक्क्याचा आंबटपणा झेपत नाही असं माझं ठाम मत आहे. तिथे मी खरं क्रीमच वापरते, फक्त थर पातळ देते.

विकताना नावाची काळजी घ्या. घरगुती धंद्यालाही एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, ती आधी करा. आणि कपावर 'लो फॅट' लिहू नका. तसं लिहायचं तर १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅमपेक्षा जास्त स्निग्धांश चालत नाही आणि आपला माल त्याच्या कितीतरी पट वर आहे. 'चक्का आणि क्रीम' एवढं लिहिलं तरी पुण्यातलं गिऱ्हाईक बरोबर समजतं, उलट जरा खूशच होतं. मधुमेही माणसाने विचारलं तर साखर किती आहे ते ग्रॅममध्ये सांगा, 'कमी गोड आहे' हे उत्तर नव्हे.

गुरुवारची ऑर्डर विचार करून घ्या. महावितरणची देखभालीची कामं बहुतेकदा त्याच दिवशी निघतात आणि वीज गेली की फ्रिजचं दार उघडायची चोरी. त्या दिवशीचा माल बुधवारी रात्रीच भरून ठेवा. तयार कप फ्रिजमध्ये दोन दिवस चांगले राहतात, तिसऱ्या दिवशी आंबटपणा वाढतो, तेव्हा तो घरच्यांनी खायचा. पोहोचवताना थर्माकोलचा डबा आणि गोठवलेले आइस पॅक, खाली दोन आणि वर एक. कप काठोकाठ भरू नका, सिंहगड रस्त्यावरचे स्पीडब्रेकर झाकणाला चिकटलेला अर्धा थर घेऊन जातात. दुचाकीवर डबा पायाजवळ ठेवा, मागच्या सीटवर बांधू नका.

किंमत काढताना दुधाचा भाव धरू नका, चक्क्याचा धरा. लिटरला ३०० ग्रॅम म्हणजे किलोभर चक्क्याला सव्वातीन लिटरहून जास्त दूध, त्यात गॅस, फ्रिज आणि तुमचे दहा तास. टॉपिंगचं पाकीट फेटल्यावर फुगून कितीतरी कप भरतं, त्यामुळे त्याच्याशी भावात बरोबरी होणार नाही. कप छोटा ठेवा, १०० ग्रॅमचा पुरतो.